फादर लॉरेन्सची बदली आणि आमची सकाळची बॅच

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात माणसं स्वतःच्या नोकरीविषयी लिहितात आणि बहुधा ती नोकरी करून थकल्यावर लिहितात. मी तिशीच्याही अलीकडचा. माझी नोकरी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगची. तिच्याविषयी बाहेरच्या माणसाला सांगण्यासारखं एवढंच, की पँटची घडी घालताना चेन आतल्या बाजूला गेली पाहिजे, नाहीतर वरच्या पँटला ओरखडे पडतात. संपादकबाईंना ते नको होतं. त्यांना आमच्या कॉलेजच्या प्राचार्य फादरांच्या कारकिर्दीवर लेख हवा होता. आधी त्यांनी फादरांनाच विचारलं. फादर म्हणाले, "माझं काम नेमकं काय होतं हे मलाच अजून नीट कळलेलं नाही. संदीपला विचारा, तो सारखा केबिनमध्ये येऊन बसायचा."

मला तर त्यांच्याहूनही कमी कळलंय. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आम्ही बौद्ध, ते कॅथलिक. ते वसईकडचे, मी जांभूळचा. दुसऱ्याच्या कारकिर्दीवर लिहायचा मला काय अधिकार, असं लिहिताना दर ओळीला वाटत होतं. तरी लिहितोय, कारण बाईंना नाही म्हणणं जमलं नाही. नावं बदलली आहेत, कॉलेजचं नाव देत नाही. बाकी जसं घडलं तसं आहे, निदान मला समजलं तसं.

बारावीनंतर बरीच वर्षं मी कारखान्यातच होतो. मग कळलं, की अंबरनाथला फादरांच्या कॉलेजात सकाळची बॅच निघाली आहे. साडेसहाला वर्ग सुरू, साडेनऊला मोकळं, म्हणजे कामावर वेळेत पोचता येतं. बॅचमध्ये एमआयडीसीतली रात्रपाळी करून थेट वर्गात येणारे होते, मेडिकलच्या काउंटरवर उभे राहणारे होते, बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून पहिल्या टमटमने येणाऱ्या मुली होत्या. आणि रेश्मा होती. ती बदलापूरला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करायची आणि कुणालाच घाबरायची नाही.

वर्गात मी वयाने मोठा, म्हणून सगळे मला काका म्हणायला लागले. मग काकाच वर्गप्रतिनिधी व्हावा असं ठरलं. मी म्हटलं, मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला करा. रेश्मा म्हणाली, "काका, तुझे केस गळतायत. केबिनमध्ये टक्कलवाल्याचंच ऐकतात." पुढे फादरही मला काका म्हणायला लागले. ते साठीच्या पुढचे, आणि मला काका म्हणायचे. पहिले काही दिवस कुणाकडे बघून हाक मारतायत तेच कळायचं नाही.

घरी वेगळीच काळजी होती. मावशीने विचारलं, "पाणीबिणी नाही ना शिंपडलं तुझ्यावर?"

बाबा तिच्यावर उखडले. "आपण एकदा धर्म बदलला तो विचार करून बदलला. तो काय शर्ट आहे का, दर वर्षी बदलायला?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण तिथे काही प्यायला दिलं तर पिऊ नको."

फादरांनी पहिल्याच भेटीत चहा दिला. मी तो प्यायलो. घरी सांगितलं नाही.

आता प्राचार्याचं काम. मला वाटायचं, सह्या करायच्या आणि झेंडावंदनाला भाषण करायचं. कॅथलिक कॉलेजच्या प्राचार्य फादरांना वरचे साहेब दोन असतात हे मला केबिनमध्ये बसून बसून समजलं. एका बाजूला सरकार आणि विद्यापीठ. कोणता विषय शिकवायचा, किती शिक्षक ठेवायचे, कशाला मान्यता, हे सगळं तिकडून येतं. दुसऱ्या बाजूला फादर ज्या धर्मगुरूंच्या संघातले, तो संघ. कॉलेज चालवणारी संस्था त्या संघाचीच. संघाच्या वरिष्ठांना ते प्रोव्हिन्शियल म्हणतात. या दोघांच्या मध्ये शिक्षक, पालक, नगरसेवक, आपल्या मुलाला प्रवेश हवा म्हणणारी चर्चची माणसं, आणि इथे धर्मांतर चालतं म्हणून शंका घेणारी आमच्या मावशीसारखी माणसं. फादर म्हणायचे, "प्राचार्य म्हणजे दोन घरांची एकच सून." मग स्वतःच हसायचे, "लग्न न केलेल्या माणसाने हे बोलू नये म्हणा."

प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग ते ऐकण्यात घालवायचे. त्याची त्यांची एक पद्धत होती. कुणी भांडायला आलं, की आधी त्याला बसवायचं, आणि आपण टेबलामागून उठून त्याच्याच बाजूच्या खुर्चीत येऊन बसायचं. "उभ्या माणसाची तक्रार मोठी असते," ते म्हणायचे. "बसला की तिच्यातलं वारं जातं. जे उरतं ते खरं." शेजारी बसल्यावर माणसाला ओरडायचं तरी कुणाकडे बघून, ते समजत नसे. आमच्या कारखान्यात सुपरवायझर सगळ्यांना उभं ठेवतो. तिथे हे चालेल का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

लछूशेठ मात्र बसले तरी थंड झाले नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांचं कापडाचं मोठं दुकान. मुलगा आमच्याच कॉलेजात दिवसाच्या बॅचला होता आणि हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू देत नव्हते. मी जिन्यावरच्या बल्बचं सांगायला केबिनमध्ये गेलो होतो, तेवढ्यात शेठ आले. खाली टेम्पोत थंड पाण्याचा कूलर होता.

"फादर साब, मशीन आणलंय. बच्चे लोग पाणी पिणार, दुवा देणार."

फादर खिडकीतून बघून म्हणाले, "छान आहे. पण शेठ, मुलगा परीक्षेला बसणार नाही."

"मशीनचा आणि मुलाचा काय संबंध, साईं? मशीन तो मेरी खुशी से."

"मग उतरवून घेतो."

शेठ गडबडले. रुमालाने मान पुसली. "मतलब, काहीच नाही होणार?"

"होईल ना. गुरुवारी तुम्ही या. कॉमर्सच्या पोरांना एक तास द्या. दुकान कसं चालवतात ते सांगा."

"मी? मी आठवी पास आहे, फादर साब."

"दुकान मी एक दिवस चालवलेलं नाही. तुम्ही रोज चालवता."

गुरुवारी शेठ सफारी घालून आले. त्यांचा मुलगा शेवटच्या बाकावर डोकं खाली घालून बसला होता. शेठ म्हणाले, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. तोंड महाग महाग करतं, पण हात कपडा सोडत नाही. पोरं खूष. पुढच्या गुरुवारी शेठ न बोलावता परत आले. दरम्यान मुलाचं ते सत्र गेलंच होतं. पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाले, "फादरवर मी नाराज आहे. बहुत नाराज. लेकिन पोरं सवाल भारी करतात, यार."

मी नंतर फादरांना विचारलं, की कूलर ठेवून घेतला हे बरोबर होतं का. ते म्हणाले, "परत पाठवला असता तर त्यांचा अपमान होता. ठेवला त्यात माझा थोडा झाला. कोणता बरा, मला ठरवता आलं नाही, काका." मी तोवर समजत होतो, की खुर्चीत बसलेल्या माणसाला ठरवता येतं.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. सोनिवलीकडची एक मुलगी, तिला सविता म्हणू, आमच्या बॅचमध्ये अभ्यासात सगळ्यात पुढे होती. तिचं लग्न ठरलं आणि यायची बंद झाली. फादर माझ्या बाईकवर मागे बसून तिच्या घरी आले. पहिल्या खेपेला त्यांनी तिच्या वडलांना खूप समजावलं. वडील ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "फादर, तुम्ही चांगले आहात, पण तुम्हाला मुलगी नाही." दुसऱ्या खेपेला फादर कमी बोलले. तिसऱ्या खेपेला त्यांनी कॉलेजचं नावच काढलं नाही. तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी खाल्ली, पावसाने भाताचं किती नुकसान केलं ते विचारलं, आणि उठले. सविता दारात उभी होती.

मी वाटेत बाईक थांबवली. "आज तुम्ही विषयच काढला नाही."

"जेवायला बोलावलं होतं ना."

"मग ती येणार नाही?"

"नाही. पण आपण फक्त मुलगी न्यायला येत होतो असं त्या घराला वाटायला नको." बाईक पुन्हा सुरू केल्यावर मागून आवाज आला, "हे हरलो आपण, काका." सविता आली नाही. तिसऱ्यांदा जाऊन काय मिळवलं, हे मी आजही कुणाला समजावून सांगू शकत नाही.

त्याच सुमाराला कॉलेजचं विद्यापीठ करायचं चाललं होतं. कॉलेजला स्वायत्तता आधीच मिळाली होती, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या. विद्यापीठ झालं की पदवीही आपलीच. फादर कित्येक वर्षं त्यासाठी धावत होते. प्रस्ताव मंजूर झाला की पहिले कुलगुरू तेच, असं सगळे धरून चालले होते. त्यांच्या वसईच्या चुलतभावाने तर गावात सांगूनही टाकलं होतं. फादर त्यावर लाजायचे, पण त्यांना ते आवडायचं हे दिसायचं. भिंतीवर नव्या इमारतीचा नकाशा लावला होता आणि कुणी बघायला लागलं की ते उठून बोट ठेवून दाखवायचे, इथे वाचनालय, इथे डोंगरातल्या मुलींचं वसतिगृह.

अडचण आम्ही होतो. प्रस्ताव तपासायला आलेल्या सल्लागारांनी सांगितलं, की सकाळच्या बॅचमुळे कॉलेजचा निकाल खाली येतो, मुलं मध्येच सोडून जातात, कागदावर हे वाईट दिसतं. प्रस्ताव पाठवण्याआधी बॅच बंद करा. हे मला फादरांनीच सांगितलं. "दोन्हीपैकी एक, असं ते म्हणतायत. मी दोन्ही म्हणतोय. बघू कोण आधी थकतं."

बॅच बंद झाली तर मला नोकरी किंवा कॉलेज यांतलं एक सोडावं लागणार होतं, आणि घरात कमावणारे बाबा आणि मी. रेश्माने वर्गात सगळ्यांना हात वर करायला लावले: दिवसाच्या बॅचला कोण जाऊ शकेल? एकही हात वर झाला नाही. रात्रपाळीवाला एक जण झोपेत होता, त्याला उठवून विचारलं. तोही नाही म्हणाला आणि परत झोपला.

मग वर्ष संपता संपता एक दिवस अर्थशास्त्राच्या सरांच्या जागी फादर वर्गात आले. चर्चमधली सकाळची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, आटोपून तसेच आले होते. म्हणाले, माझी बदली झाली आहे. बारवीच्या पलीकडे आदिवासी मुलांचं वसतिगृह आहे, तिथे. मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाकघर बघायचं.

प्राचार्य, उद्याचे कुलगुरू, आणि स्वयंपाकघर? आम्हाला ती शिक्षाच वाटली. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेलो.

"शिक्षा नाही रे," ते म्हणाले. "आमच्यात असंच असतं. धर्मगुरू होताना आज्ञापालनाचं व्रत घेतो आम्ही. वरिष्ठ सांगतात, आम्ही जातो."

"आधी विचारत नाहीत?"

"विचारतात. मी माझं म्हणणं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ते त्यांना सांगितलं, काका."

बॅचमुळे त्यांना हलवलं, की विद्यापीठामुळे, की कशामुळेच नाही, हे कुणीच सांगितलं नाही. आणि आम्हाला तर बदली म्हणजे एकच गोष्ट माहीत होती. बाबा म्हणाले, "बदली रद्द होते. माझ्या डोळ्यांसमोर तलाठ्याची झालीय. वजन लागतं." म्हणून रेश्मा आणि मी आमच्या भागातल्या नगरसेवकांकडे गेलो. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठलं खातं येतं हे?"

"चर्च," मी म्हटलं.

"चर्चचा मंत्री कोण आहे सध्या?"

"पोप," रेश्मा म्हणाली.

भाऊंनी शेजारी बसलेल्या माणसाला विचारलं, "आपली ओळख आहे का?"

तो माणूस म्हणाला, "डायरेक्ट नाही."

आम्हाला हसू आवरत नव्हतं, पण भाऊ अगदी मनापासून मदत करत होते. त्यांनी कुठून कुठून प्रोव्हिन्शियलांच्या कार्यालयाचा नंबर मिळवला आणि आमच्यासमोर फोन लावला. "फादर साहेब, मुलं इथे रडतायत. जरा ॲडजस्ट करा ना. निदान निवडणुकीपर्यंत." इकडे कॉलेजच्या फाटकावर आमची काही मुलं 'फादर हटाव नही चलेगा' असे फलक घेऊन बसली होती.

संध्याकाळी फादरांनी मला बोलावलं. त्या दिवशी त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. स्वतःही उभेच होते. "तुम्हाला मी पाठवलं असं वाटणार त्यांना! खुर्चीसाठी मी पोरांना फाटकावर बसवलं, नगरसेवकाकडून फोन करवला! इतक्या वर्षांत मी स्वतःसाठी काही मागितलं नाही, आणि तुम्ही..." ते थांबले. आमच्यात जे प्रेमाने करतात, ते त्यांच्यात बोट ठेवण्याजोगं मानतात, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. आठवड्याने निरोपसमारंभ ठरला होता. फादर दुसऱ्याच दिवशी सकाळी वसतिगृहाच्या जीपमधून गेले, एका बॅगेनिशी. आणलेली शाल स्टाफरूमच्या कपाटातच राहिली.

नवे प्राचार्य फादर नेल्सन. चाळिशीतले, परदेशात शिकून आलेले, चालताना मागे न बघणारे. आल्या आल्या त्यांनी आमच्या बॅचचे सगळे निकाल मागवले. शिक्षक एकमेकांत म्हणायला लागले, झालं, आता सकाळी उठायचं संपलं. रेश्मा म्हणाली, "हा हसतसुद्धा नाही रे. याला बॅच बंद करायलाच आणलाय."

मला एकच रस्ता दिसत होता. जुन्या फादरांनी वरिष्ठांना किंवा नेल्सन फादरांना एक शब्द टाकावा. आणि ते कुठे लांब नव्हते. रविवारी बदलापूर पश्चिमेच्या बाजारात वसतिगृहासाठी भाजी घ्यायला यायचे. मी गाठलं. एका हातात बटाट्याची गोण, दुसऱ्या हातात पिशवी.

"अरे काका! बाबा कसे आहेत? गुडघा दुखायचा थांबला का?"

"बरे आहेत. फादर, ते बॅचचं..."

"मावशी, कोथिंबीर कशी दिली?"

पिशवीत दोन जुड्या आधीच होत्या. पुढच्या रविवारी तसंच. घरच्या सगळ्यांची चौकशी, कारखान्याची चौकशी, अगदी लछूशेठांचीही. कॉलेजचं 'कॉ' काढलं की त्यांना भाजीवाली आठवायची. रेश्माला सांगितलं तर म्हणाली, "विसरला तो. सुटला बिचारा. त्याच्या जागी मी पण विसरले असते." पण मला ते विसरलेल्या माणसाचं तोंड वाटत नव्हतं.

शेवटी मी वसतिगृहावरच गेलो. फादर मोठ्या पातेल्यात डाळ ढवळत होते आणि शेजारी बसलेल्या पोराकडून पाढे म्हणवून घेत होते. मी सरळ म्हटलं, "फादर, एक फोन करा. ते बॅच बंद करतील."

त्यांनी पोराला बाहेर पाठवलं, गॅस बारीक केला. "माझ्याच्याने होणार नाही, काका. नवा माणूस आला की जुन्याने तिकडे फिरकायचं नाही, निदान पहिलं वर्ष. फोन नाही, निरोप नाही, मत नाही. नाहीतर नव्याला कुणी प्राचार्य मानतच नाही."

"आणि बॅच?"

"मी प्राचार्य झालो तेव्हा माझ्या आधीचे फादर शेजारच्याच इमारतीत राहायचे. रोज कुणीतरी माझी तक्रार घेऊन त्यांच्याकडे जायचं. मी चुका पण खूप केल्या. ते कधी मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटायचं, या माणसाला काही पडलेलीच नाही." ते पुन्हा डाळ ढवळायला लागले.

"मग?"

"मग काही नाही. जेवून जा."

मला राग आला. इतका, की मी मोठ्याने बोललो. "तुमचा नियम तुम्हाला सांभाळता येतो. आमचं कॉलेज जातंय. तुमचीच बॅच आहे ना ती?"

"माझी नाही," ते म्हणाले. "हेच मानायला मला जमत नाही बघ अजून." मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. "मी व्रत घेतलंय, काका. तू कुठलं घेतलंयस? तुला कुणी बोलायला अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी रेश्मा आणि मी नेल्सन फादरांच्या केबिनमध्ये गेलो. आमची तयारी भांडणाची होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्यातले इतके जण मध्येच का सोडतात?" हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. रेश्माने सांगितलं, की मुलं नापास होऊन जात नाहीत. कंपनी शिफ्ट बदलते, महिनाभर सकाळची पाळी लागते, महिन्याने परत यावं तर हजेरी गेलेली असते. मग लाज वाटते. मी म्हटलं, लाज जास्त वाटते. ते मान हलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ठरवणार संस्था. पुढच्या महिन्यात बैठक आहे. तिथे मी काय बोलणार तेही तुम्हाला सांगणार नाही."

जिना उतरताना रेश्मा म्हणाली, "हे सगळे फादर एकाच कारखान्यात बनवतात काय रे?"

बैठक झाली. काय ठरलं ते कुणी सांगेना. प्रस्ताव गेला एवढंच समजलं. आमचे वर्ग चालू होते, पण ते कायमचे चालू होते की नुसते अजून बंद झाले नव्हते, हे सरांनाही माहीत नव्हतं. मी अभ्यास करायचो आणि मध्येच वाटायचं, कशासाठी करतोय.

परीक्षेच्या थोडं आधी नेल्सन फादर स्वतः साडेसहाला वर्गात आले. खडू हातात घेतला, पण काही लिहिलं नाही. म्हणाले, बैठकीत मी सांगितलं, प्रस्ताव जाईल तो सकाळच्या बॅचसकट जाईल. लपवून जाणार नाही. तो तसाच गेला आणि परत आला. नामंजूर. कारणं बरीच आहेत, त्यांतलं एक तुम्ही. विद्यापीठ सध्या होणार नाही, कदाचित माझ्या हयातीत नाही. बॅच राहील. जूनला नवे प्रवेशही घेऊ.

पोरांनी टाळ्या सुरू केल्या आणि अर्ध्यात थांबवल्या. टाळ्या कशासाठी आहेत तेच कुणाला समजेना.

"वाजवा," नेल्सन फादर म्हणाले. "चालतील." आणि पहिल्यांदा थोडे हसले.

मी बाहेर त्यांना गाठलं. "लॉरेन्स फादरांना सांगितलंत?"

"नाही. मी आत्ता फोन केला तर तो हिशेब दिल्यासारखा होईल. त्यांना आवडणार नाही." ते दोन पावलं गेले आणि थांबले. "पण तू बाजारात जातोस म्हणे."

रविवारी मी लवकरच गेलो. सगळी वाट एकच विचार करत होतो: आधी कुठलं सांगायचं? ज्या विद्यापीठासाठी या माणसाने इतकी वर्षं घातली ते गेलं, आणि ज्या बॅचमुळे गेलं ती त्यांनीच काढलेली. ही चांगली बातमी की वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं. त्यांच्या तोंडावरून समजेल असं वाटलं होतं.

ते वांगी निवडत होते. मी म्हटलं, "फादर, तुम्ही काही बोलू नका. ऐकायला बंदी आहे का?"

त्यांनी खरंच विचार केला. "ऐकायला नसावी."

ठरवलेलं सगळं विसरून मी दोन्ही गोष्टी एका दमात, उलटसुलट सांगून टाकल्या. फादरांनी पिशवी खाली ठेवली. भाजीवाली म्हणाली, "बाबा, वांगी घेताय का नुसती चाचपताय?" त्यांना ऐकू गेलं नाही. ते खूष झाले की खचले, मला काहीच वाचता आलं नाही. नुसते माझ्याकडे बघत उभे होते, हातात एक वांगं तसंच.

"विद्यापीठाचं कळलं," ते म्हणाले. "बॅचचं पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"नवे प्रवेशसुद्धा?"

"जूनला."

"आणखी एकदा," फादर म्हणाले. मी तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी सावकाश.